झाकण उघडे आहे

१

माझं काम काय, असं कोणी विचारलं आणि मी सांगायला लागले, की समोरच्याचे डोळे हळूहळू विझतात. म्हणून थोडक्यात सांगते. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक खिडक्या नसलेली इमारत आहे. तिच्यातल्या मोठ्या हॉलमध्ये लोखंडी कपाटांच्या ओळी आहेत आणि कपाटांत सर्व्हर आहेत. चपटे, आडवे संगणक, एकाच्या डोक्यावर दुसरा असे रचलेले. लोकांची तिकिटं, औषधांच्या चिठ्ठ्या, मुलांचे निकाल, लग्नाचे फोटो आणि घटस्फोटाचे कागद, सगळं त्यांच्या पोटात. नोकरी लागल्यापासून मी त्या इमारतीत एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं. घरच्या मागच्या खोलीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली टेबल टाकून मी तो हॉल सांभाळायचे.

ते जमतं, कारण प्रत्येक सर्व्हरच्या आत आणखी एक नखाएवढा संगणक असतो. मोठा झोपला, बिघडला, बंद केला, तरी हा आपला जागा. मोठ्याला ताप किती, पंखे किती जोरात फिरतायत, वीज येतेय का, वरचं झाकण नीट लागलंय का, हे सगळं तो मला कळवतो. मी सांगितलं तर मोठ्याची वीज तोडतो, सांगितलं तर जोडतो. आम्ही त्याला राखणदार म्हणायचो.

दुरून सगळं दिसतं, पण हात पोचत नाही. हातांचं काम मामांचं. मामा म्हणजे हॉलमधले तंत्रज्ञ. निवृत्तीला टेकलेले, सगळ्या ऑफिसचे मामा. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. फुंकर मारत चहा पितात, गुडघ्यावर हात टेकून उठताना "चला" म्हणतात आणि एक बूट करकरतो, एवढं मला ठाऊक. मी त्यांना 'माझे हात' म्हणायचे, ते मला 'आमचे डोळे'.

"न पाहिलेल्या माणसाशी दिवसभर गप्पा मारतेस," आत्या म्हणायची, "आणि मी स्थळ आणलं की म्हणतेस, आधी नीट पाहू दे!"

आत्या आणि मी, दोघीच घरात. ती बोलण्यात कोणाला हार जाणारी नव्हे.

त्या सकाळी मी नेहमीसारखी चहाचा कप घेऊन बसले. स्क्रीनवर सगळं हिरवं होतं. एकच ओळ लाल झाली. 'झाकण उघडे आहे.' भिंतीकडच्या ओळीतलं पहिलं कपाट, अगदी तळाचं मशीन. मला वाटलं, मामांनी लवकर काम काढलं आज. चहाचा घोट घेऊन पाहिलं तर ओळ पुन्हा हिरवी झाली होती.

मामा त्या वेळी अजून घरून निघालेही नव्हते. पण हे मला नंतर कळलं.

२

"कोण म्हणतं झाकण उघडं होतं?" मामांनी विचारलं.

"राखणदार म्हणतो."

"त्याला म्हणावं, मी आत्ताच घरून आलोय, त्या ओळीकडे अजून फिरकलोसुद्धा नाही. थांब, जाऊन बघतो. दिवा लाव."

प्रत्येक मशीनच्या तोंडावर एक निळा ओळखदिवा असतो. सारखी दिसणारी शेकडो तोंडं, त्यातलं नेमकं कोणतं, हे हॉलमधल्या माणसाला कळावं म्हणून मी तो घरून लावते. मी लावला. करकरणारा बूट थांबला.

"दिसला. मशीन जागेवर आहे. स्क्रूसुद्धा हलला नाहीये."

"आता मलाही बंदच दिसतंय. सेन्सरला उचकी लागली असेल."

"असेल बाई. आमच्या घरात फ्रिजलाही लागते."

मी हसले, आणि हसता हसताच दुसरी ओळ लाल झाली. त्याच कपाटातलं, त्याच्या डोक्यावरचं मशीन.

"मामा, वरचं बघा. आत्ता उघडं म्हणतंय."

"आत्ता? अगं, माझं नाक लागलंय त्याला." बूट एकदा करकरला. "पोरी, झाकण काढायचं तर मशीन रुळावरून हातभर पुढे ओढावं लागतं. मग दोन खटके दाबायचे, मग झाकण मागे सरकतं. इथे दोन मशीनच्या मध्ये बोट शिरायला जागा नाही."

"हो, ठाऊक आहे मला."

"पंखा मात्र ओरडायला लागलाय," मामा म्हणाले.

तो मलाही ऐकू येत होता. हॉलमध्ये आवाज कायमच असतो, धबधब्याजवळ उभं राहिल्यासारखा, पण त्यातून हा एक आवाज वर चढत गेला. झाकण निघालं की आतली हवा बाहेर पळते, मशीन घाबरतं आणि पंखे जिवाच्या आकांताने फिरवतं. थोड्या वेळाने आवाज खाली आला. स्क्रीन हिरवी झाली.

पंखा सेन्सरचंच ऐकतो, मी स्वतःला समजावलं. सेन्सर खोटं बोलला तर पंखाही फसणारच. त्यात नवल काय?

आमच्या साहेबांना फोन केला. त्यांना मी एखाद्या लहान मुलीसारखी अंधाराची तक्रार घेऊन आले आहे असं वाटलं असावं.

"एकाच खेपेत आलेली मशीनं आहेत ती," ते म्हणाले. "खटके ढिले असतात. त्या खोट्या बोंबा तू बंद करून टाक, म्हणजे स्क्रीनवर येणारच नाहीत."

एक कळ दाबायची होती. मी ती दाबली नाही. का ते सांगता येणार नाही. घरात पाल दिसली की आपण तिच्यावरून नजर काढत नाही, तसंच काहीसं.

३

ढिले खटके कुठेही ढिले असतात. आज या कोपऱ्यात, उद्या त्या. हे तसं नव्हतं.

पुढच्या काही दिवसांत ते एकेक पायरी चढत गेलं. खालून वर. कपाट संपलं की शेजारचं कपाट, पुन्हा तळापासून. एकही मशीन गाळलं नाही, एकही दोनदा उघडलं नाही. उघडायचं, थोडं थांबायचं, लावायचं. लावायचं मात्र न चुकता. मला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटली असेल, तर त्या लावण्याची. बिघाड असा नीटनेटका नसतो.

मी दुसऱ्या खुणा शोधू लागले. मशीनच्या तोंडाशी आत शिरणारी हवा मोजणारा एक सेन्सर असतो. हॉल थंडगार असतो, तो आकडा दिवसभर हलत नाही. कोणी तोंडासमोर उभं राहिलं, वारा अडला, तरच किंचित चढतो. मामा काम करत असले की तो चढलेला मी कितीदा पाहिला होता. आता झाकण उघडायच्या आधी तो चढत होता. आधी ऊब, मग झाकण. मग ऊब शेजारी सरकायची.

प्रत्येक ओळीच्या टोकाला एक कॅमेरा आहे. मी तिथला लावून बसले. हॉलमधले दिवे माणसाची चाहूल लागली तरच लागतात, एरवी विजेची बचत. कॅमेऱ्यात अंधार होता, आणि अंधारात मशीनचे बारीक हिरवे ठिपके. स्क्रीनवर झाकण उघडत होतं, लागत होतं, शेजारचं उघडत होतं. हॉलमधले दिवे लागले नाहीत. दिव्यांच्या लेखी तिथे कोणी नव्हतं.

मग मी म्हणाले, बरोबर आहे, कोणी नाहीच. दिवे म्हणतात नाही, कॅमेरा म्हणतो नाही, मामा म्हणतात नाही. दोन सेन्सर हो म्हणतात आणि दोन्ही एकाच पेटीत बसलेले आहेत. पेटी बिघडली असेल. मी शिकलेली बाई आहे. पाचापैकी तिघांचं मत मानायचं असतं.

एवढं ठरवून मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, आणि माठाचं झाकण उचलायला माझा हात धजेना.

४

"काय झालंय तुला?" आत्या वाटाणे सोलत होती. "दोन दिवस बघतेय, जेवताना ताटाकडे लक्ष नाही."

मी सांगितलं. सगळं, खुणांसकट. वाटलं होतं ती हसेल, कारण ती माझ्या कामाला हसतेच. ती हसली नाही. शेंग हातात तशीच धरून तिने विचारलं, "आतलं काही हलवतं का ते?"

"नाही. काही बिघडत नाही. मशीन चालूच असतं."

"काही नेत नाही?"

"नाही."

"मग ते शोधत नाहीये," आत्या म्हणाली. "माझा चष्मा हरवला की मी कशी डब्यात हात घालून उलथापालथ करते? वस्तू शोधणारा आत हात घालतो. हे नुसतं डोकावून बघतंय. एकेक खोली उघडून." तिने शेंग मोडली. "भाडेकरू बघतात ना जागा, तसं."

मग तिला माझा चेहरा दिसला असावा. "अगं वेडे, मी आपली काहीतरी बडबडते. खटके ढिले असतील, तुझे साहेब म्हणतात तसे. जा, तोंड धू."

मी तोंड धुतलं. पण डोक्यात शिरलेली गोष्ट पाण्याने जात नाही.

५

ज्या दिवशी झालं, त्या दिवशी दुपारचं लख्ख ऊन होतं. मागच्या खोलीत दोरीवर आत्याच्या साड्या वाळत होत्या आणि स्क्रीनवर त्यांची सावली हलत होती. हे मुद्दाम सांगते, कारण लोक विचारतात की तुला झोप आली होती का.

मामा हॉलच्या पार आतल्या ओळीत एक बिघडलेली डिस्क बदलायला गेले होते. कानाला यंत्र लावून आम्ही बोलत होतो. त्यांच्या लेकीला दिवस गेले होते, त्यामुळे स्वारी खुशीत होती.

"मुलगी झाली तर तुझ्यासारखी घरबसली नोकरी लावून देईन," ते म्हणाले. "उन्हातान्हात फिरायला नको."

"आणि मुलगा झाला तर?"

"तर माझ्यासारखा गुडघे घासेल, दुसरं काय! चला, डिस्क बसली. बघ गं, दिसते का."

मी बघत होते, पण डिस्ककडे नाही. दूरच्या ओळीत, जिथे ते काल थांबलं होतं, तिथे झाकण उघडलं आणि लागलं. शेजारचं उघडलं, लागलं. पण आज ते तळापासून वर चढत नव्हतं. प्रत्येक कपाटातलं एकच, छातीच्या उंचीचं मशीन उघडायचं आणि पुढे व्हायचं. ओळ संपली. पुढची ओळ सुरू झाली, मामांच्या बाजूची. आणि थांबण्याचा वेळ कमी कमी होत चालला होता.

"मामा," मी म्हणाले, "सामान राहू द्या. बाहेर या."

"का गं? काही पेटलंय का?"

"पेटलं नाही. नुसते या. पळू नका, पण या."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्यांनी पुढे विचारलं नाही. गुडघ्यावर हात टेकल्याचा आवाज आला. या वेळी ते 'चला' म्हणाले नाहीत.

"पंखे ओरडतायत," ते हळू आवाजात म्हणाले. "एकामागून एक. पलीकडून इकडे येतोय आवाज. पोरी, हॉलमध्ये आणखी कोण आहे?"

"कोणी नाही. तुम्ही चालत राहा."

"दिवे गेले."

कॅमेऱ्यात मी पाहिलं. मामा चालत होते, त्यांच्या डोक्यावरचा दिवा चाहुलीने लागायला हवा होता. पुढचा लागला नाही आणि मागचा विझला. काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके उरले. कानात करकर ऐकू आली, मग लोखंडाला काहीतरी घासल्याचा आवाज, आणि मग फोन तुटला. त्या कपाटांच्या जंगलात फोन असाही नीट लागत नाही. मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. लागेना.

६

माझ्याकडे हात नव्हते, पण दिवे होते.

मामा जिथे असतील असं वाटलं तिथून दाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी एकेका कपाटातला निळा ओळखदिवा लावत गेले. कॅमेऱ्यात अंधारात निळ्या ठिपक्यांची माळ उमटली. मामा हुशार माणूस. मी लावतेय हे त्यांना कळणारच. एक ठिपका क्षणभर झाकला गेला आणि पुन्हा दिसला. मग पुढचा. माणूस दिव्यासमोरून जात होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात हॉलच्या आतल्या टोकाला, दाराच्या बरोबर उलट दिशेला, एक निळा दिवा लागला.

तो मी लावला नव्हता.

त्याच्या पुढचा लागला. मग त्याच्याही पुढचा. माझ्या माळेसारखीच माळ, तेवढ्याच अंतराने, आत, भिंतीकडे जाणारी. मी ते दिवे विझवायला गेले. विझले, आणि बोट उचलायच्या आत पुन्हा लागले. मामांनी झाकलेला ठिपका उघडाच होईना. ते थांबले होते. त्यांना दोन रस्ते दिसत होते, आणि कोणता माझा, हे सांगायला माझ्याकडे आवाज नव्हता.

मग त्या परक्या माळेतला सगळ्यात आतला दिवा झाकला गेला. पुन्हा दिसला. त्याच्या अलीकडचा झाकला गेला, पुन्हा दिसला. समोरून काहीतरी येत होतं. दिवा झाकायला लागतो तेवढंच ते मला दिसलं. रुंद नव्हतं. पण कपाटाच्या तळाचा दिवा आणि माथ्याचा हिरवा ठिपका, दोन्ही एकदमच गेले, आणि एकदमच परत आले.

७

इमारतीच्या दारावर एक बाई असतात. सगळे त्यांना ताई म्हणतात. मी त्यांना फोन लावला. पहिल्या घंटीला उचलला.

"ताई, मामा आत अडकलेत. अंधार आहे. दार उघडा आणि हाका मारा."

"कोणतं दार उघडू? दोन आहेत. एक उघडं असलं की दुसरं उघडत नाही."

हॉलला दुहेरी दार आहे. पहिल्या दारातून आत यायचं, ते मागे बंद होतं, जमीन तुमचं वजन घेते, माणूस एकच आहे अशी तिची खात्री पटली की दुसरं दार उघडतं. एका वेळी एकच जण. चोरीमारी होऊ नये म्हणून.

"आगीच्या वेळची किल्ली असते ना तुमच्याकडे? ती फिरवून दोन्ही दारं उघडी टाका. आणि ते येईपर्यंत धरून ठेवा."

"साहेबांना विचारू?"

"ताई, माझ्या नावावर टाका. उघडा."

मागून किल्ल्यांचा खळखळाट ऐकू आला. मग दारातून हॉलचा तो धबधबा फोनमध्ये शिरला आणि त्यात ताईंची हाक पार बुडून गेली. माझ्याच कानाला ती पोचत नव्हती, मामांना काय पोचणार?

स्क्रीनवर परक्या माळेतले दिवे झाकले जात होते, एक सोडून एक. मामांचा ठिपका अजून झाकलेलाच.

मी काय केलं ते सरळ सांगते. सगळी मशीनं एकदम निवडली. सगळा हॉल. स्क्रीनने मला विचारलं, नक्की का? तिकिटं, औषधं, निकाल, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. कुठेतरी कोणीतरी खिडकीशी उभं असेल, कोणाचं तरी अर्धं काम झालं असेल. मी 'हो' दाबलं. राखणदारांनी ऐकलं. शेकडो मशीनांची वीज एका दमात तुटली.

फोनमधला धबधबा ओसरला. पंखे गरगरत, सुस्कारत थांबले. असली शांतता त्या हॉलने बांधल्यापासून ऐकली नसेल.

"मामाऽ!" ताईंचा आवाज घुमला. "इकडे या, मामा! दार इकडे आहे!"

मशीनं मेली होती पण राखणदार जागे होते, आणि त्यांचे ओळखदिवेही. सगळ्या ओळींवर पंखे शून्य. मग एक झाकण उघडलं. मामा उभे होते त्याच कपाटातलं, छातीच्या उंचीचं. त्याच्या तोंडाशी ऊब दिसत होती, आणि ती एका माणसाची असते त्यापेक्षा बरीच जास्त होती.

"मामाऽ! माझ्या आवाजावर या!"

झाकलेला ठिपका उघडा झाला. पुढचा झाकला गेला. दाराकडचा. मग त्याच्या पुढचा. करकर, करकर, मला फोनमधून ऐकू येत होती.

"आले, आले," ताई म्हणाल्या. "दिसले मला. या, सावकाश. उंबरा आहे."

मी खुर्चीवरून उठले आणि दोरीवरची आत्याची ओली साडी तोंडावर धरून रडले.

८

संध्याकाळी मामांचा फोन आला. त्यांच्या लेकीने लावून दिला होता.

"बरा आहे मी," ते म्हणाले. "थोडी थरथर आहे, उतरेल. तू सगळा हॉल बंद केलास म्हणे. वेडी आहेस."

"तुम्ही काय पाहिलंत, मामा?"

"दोन्हीकडे दिवे होते. मला कळेना तुझे कुठले. मग एकदम शांत झालं आणि माझ्या शेजारी, इथे, छातीशी, झाकण सरकल्याचा आवाज आला. मशीन पुढे ओढलेलं नव्हतं गं. जागच्या जागी. मी बघायला नको होतं."

"काय होतं?"

"काही नव्हतं. तेच तर. आत एवढ्या तारा, पट्ट्या, चिपा, मी आयुष्यभर बघितल्यात. आत काहीच नव्हतं. जागा होती. खूप आतपर्यंत जागा." त्यांनी चहावर फुंकर मारली. "मग ताईचा आवाज आला आणि मी चालायला लागलो. मागे वळून पाहिलं नाही. तुला सांगतो, त्या हॉलमध्ये पाठ नेहमी गारठते. आज पाठीला ऊब लागत होती. दारापर्यंत."

मागून लेकीचा आवाज आला, "बाबा, पुरे आता." फोन ठेवला गेला.

साहेबांचा फोन त्याआधीच येऊन गेला होता. ओरडले नाहीत, ते ओरडण्यापेक्षा वाईट. सगळी मशीनं पुन्हा चालू केली होती, एकाही झाकणाला काही झालं नव्हतं, आतले सगळे भाग जागच्या जागी होते. एका म्हाताऱ्या माणसाला अंधारात चक्कर आली आणि एका बाईने घरबसल्या अर्ध्या शहराचं काम बंद पाडलं, एवढंच त्यांच्यापुढे होतं. सकाळी येऊन कंपनीचा संगणक जमा करायला सांगितलं.

"गेली तर गेली नोकरी," आत्या म्हणाली. "माणूस वाचला ना?"

रात्री मला शांत झोप लागली. खरंच लागली. मला वाटलं, जे होतं ते आत राहिलं.

९

सकाळी मी पहिल्यांदा ती इमारत पाहिली. राखाडी, बिनखिडक्यांची, आजूबाजूला साधी वस्ती. दारावरच्या टेबलामागे ताई बसल्या होत्या. फोनवरच्या आवाजावरून मला वाटल्या होत्या त्यापेक्षा लहान होत्या, माझ्याच वयाच्या. मी कोण ते सांगितल्यावर उठून त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"तुमच्यामुळे वाचले हो ते. बसा. पाणी देते."

संगणक त्यांच्या टेबलावर ठेवून मी बसले. हॉलचं आतलं दार तिथून दिसत होतं. बंद होतं. त्याच्याकडे मला बघवेना.

"तुमचेच आभार," मी म्हणाले. "विचारत बसला असतात साहेबांना, तर काय झालं असतं?"

"छे, माझं काय त्यात! किल्ली फिरवली आणि दार धरून उभी राहिले, दोघं बाहेर येईपर्यंत. हात भरून आला एवढंच."

पाण्याचा पेला माझ्या ओठांशी होता.

"दोघं?"

"मामा आणि ते त्यांच्या मागून आले ते."

"मागून कोण आलं?"

"नाव नाही विचारलं मी. मला वाटलं, मामांच्या हाताखाली कोणी नवीन आलं असेल. मामांना तर मी खुर्चीत बसवलं, त्यांना भानच नव्हतं. हे गृहस्थ मागे उभे." ताईंच्या कपाळावर आठी पडली. आदल्या दिवसापासून त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं, हे मला दिसलं. "आत अंधार आणि बाहेर ऊन, डोळे दिपले होते माझे. चेहरा नाही सांगता येणार. उंच होते. दारातून येताना वाकले."

"काही बोलले?"

"नाही. मी या म्हटलं तर आले." त्या थोडं हसल्या, त्यांना आठवून गंमत वाटली असावी. "भूक लागली असेल हो बिचाऱ्यांना. इथे टेबलापाशी थांबले, माझ्या डब्याचं झाकण उघडलं, आत बघितलं, आणि परत नीट लावून ठेवलं. मी म्हटलं, खा की! तर गेले बाहेर."

"कुठे?"

"बाहेर. रस्त्याला."

मी उठले. पेला कुठे ठेवला ते आठवत नाही. बाहेर कोवळं ऊन होतं. फाटकापासून रस्त्याच्या कडेने रात्रभर लावलेल्या गाड्यांची रांग होती. पहिल्याच गाडीपाशी एक ड्रायव्हर शेजारच्या ड्रायव्हरला हात हलवून सांगत होता.

"काही नेलं नाही रे! नुसती डिकी उघडली आणि लावून ठेवली. लॉक तसंच, ओरखडा नाही. तुझी बघ."

"माझीही उघडली होती," दुसरा म्हणाला. "ह्याचीही. सगळ्यांचीच उघडलीय वाटतं ओळीने."

ते दोघं एकेका गाडीवर थाप मारत पुढे चालले. मी त्यांच्या मागून रांगेच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. गाड्या तिथे संपत होत्या, आणि तिथून घरं सुरू होत होती.